पीएस५ मधलं लिक्विड मेटल: फायदा किती, धोका कधी?

पीएस५ घेतलेला किंवा सेकंडहँड पीएस५ शोधणारा कोणी भेटला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "उभा ठेवला तर आतलं लिक्विड मेटल गळतं म्हणे, खरं का?" आणि दुसरा, "दुकानवाला म्हणतोय लिक्विड मेटल काढून साधी पेस्ट लावून देतो, लावू का?" दोन्ही प्रश्नांमागची भीती एकच. २ फेब्रुवारी २०२१ ला पीएस५ भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या पैशांची वस्तू धातूच्या एका थेंबामुळे बंद पडणार असेल तर माणूस घाबरणारच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कंपनीतून बंद होऊन आलेल्या कन्सोलमध्ये हे लिक्विड मेटल चांगलंच काम करतं आणि त्याची काळजी करत बसायची गरज नाही. धोका सुरू होतो तो कन्सोल आपटल्यावर किंवा कोणीतरी तो खोलल्यावर. आता असं का, ते नीट बघूया.

हे नेमकं आहे तरी काय?

लिक्विड मेटल म्हणजे खोलीच्या तापमानाला द्रव राहणारा धातू. आपल्याला असा धातू म्हटलं की पारा आठवतो. पण इथे पारा नसतो. इथे गॅलियम नावाच्या धातूची मिश्रणं वापरतात. गॅलियम १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सापडला. त्याच्या चार वर्षं आधीच मेंडेलीव्हने आवर्त सारणीतल्या रिकाम्या घराकडे बोट दाखवून "इथे असा एक धातू असणार" असं सांगून ठेवलं होतं. हा धातू २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला की थोड्या वेळात पाणी. त्यात इंडियम आणि कथील मिसळलं की वितळण्याचं तापमान आणखी खाली जातं. या तिघांच्या एका प्रसिद्ध मिश्रणाला गॅलिन्स्टन म्हणतात. पाऱ्याला पर्याय म्हणून ते ताप मोजायच्या थर्मामीटरमध्येही वापरतात. पाऱ्यासारखी विषारी वाफ त्यातून निघत नाही. अर्थात म्हणून ते लहान मुलांच्या हातात द्यावं असंही नाही.

इथे एक गोंधळ मिटवून घेऊ. फोनच्या जाहिरातीत "लिक्विड कूलिंग" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा व्हेपर चेंबर असतं. म्हणजे तांब्याची चपटी बंद डबी आणि तिच्यात अगदी थोडं पाणी. गरम बाजूला त्याची वाफ होते, गार बाजूला पुन्हा पाणी होतं, आणि उष्णता पसरते. त्याचा लिक्विड मेटलशी काही संबंध नाही. ॲपलने एकेकाळी आयफोनच्या सिमची पिन "लिक्विडमेटल" नावाच्या मिश्रधातूची बनवली होती. तो तर चक्क घन पदार्थ, नावच तेवढं तसं. आणि कल्पक्कमच्या अणुभट्टीत द्रवरूप सोडियम वापरतात, तिथे तो पाइपांमधून वाहतो आणि उष्णता वाहून नेतो. पीएस५ मध्ये काहीच वाहत नाही. लिक्विड मेटल एका जागी बसून असतं, किंवा बसून राहायला हवं.

तवा आणि भाकरी

मग ते बसून करतं काय? भाकरी तव्यावर टाकल्यावर नीट बघा. जिथे ती तव्याला चिकटलेली असते तिथे डाग पडतात, आणि जिथे खाली हवा शिरलेली असते ती जागा पांढरीच राहते. तवा सगळीकडे तेवढाच गरम असतो. पण मध्ये हवेची फट आली की उष्णता अडते.

चिप आणि तिच्यावरचा हीटसिंक यांचंही असंच असतं. दोन्ही आपल्याला आरशासारखे सपाट दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतात. नुसते एकमेकांवर दाबले तर ठिकठिकाणीच टेकतात, बाकी सगळी हवा. म्हणून मध्ये काहीतरी भरावं लागतं. संगणकात, लॅपटॉपमध्ये, जुन्या कन्सोलमध्ये हे काम राखाडी किंवा पांढरी थर्मल पेस्ट करते. पीएस५ मध्ये ते लिक्विड मेटल करतं. बस, एवढंच. पंखा तोच, हीटसिंक तोच, बदलला तो फक्त मधला थर.

या थराला एवढं महत्त्व का, ते एका साध्या हिशोबातून कळेल. घरची १,००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट येतात. पीएस५ ची मुख्य चिप साधारण ३ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी. जड गेम चालू असताना अख्खा कन्सोल २०० वॅटच्या आसपास वीज खातो, त्यातले १५० वॅट चिपमधून बाहेर पडतात असं धरू. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० वॅट. इस्त्रीच्या दहापट! आणि ती इस्त्री आपण कपडे जाळण्याइतकी तापवतो. इथे मात्र चिप सांभाळायची आहे.

आता मधल्या थराचा हिशोब. चांगल्या पेस्टची उष्णता वाहून नेण्याची क्षमता, ज्याला उष्णतावाहकता म्हणतात, ती ५ ते १० च्या आसपास असते. तिचं एकक वॅट प्रति मीटर-केल्विन, ते विसरलात तरी चालेल, आकड्यांची तुलना बघा. गॅलियमची मिश्रणं साधारण १६ ते ३० मध्ये येतात. बाजारात मिळणाऱ्या सिरिंजच्या खोक्यावर ७३ वगैरे आकडा छापलेला असतो, त्याकडे मी जरा संशयानेच बघतो, कारण शुद्ध द्रव गॅलियमसुद्धा तिथवर पोहोचत नाही. असो. थर ०.०५ मिलिमीटर जाडीचा धरला, तर ५ क्षमतेच्या पेस्टमध्ये फक्त त्या थरापायी तापमान ५ अंशांनी वाढतं. लिक्विड मेटल २५ चं धरलं तर १ अंशाने. थर दुप्पट जाड झाला तर हाच फरक १० विरुद्ध २ होतो.

म्हणजे फायदा किती? चार ते आठ अंश. ऐकायला फार वाटत नाही ना? "थंडगार पीएस५" अशी स्वप्नं बघणाऱ्यांची इथे निराशा होते. पण अभियांत्रिकीत चार-आठ अंश म्हणजे बरंच काही असतं. तेवढ्याच तापमानाला चिप ठेवायची असेल तर पंखा कमी वेगाने फिरवता येतो किंवा हीटसिंक लहान करता येतो.

सोनीने हा खटाटोप का केला?

पीएस४ ज्यांच्याकडे होता त्यांना कारण सांगायला नको. जड गेम लावला की दहा मिनिटांत पंखा असा काही सुटायचा की टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. "विमान उड्डाणाला सज्ज आहे" हा विनोद जगभर झाला तो उगीच नाही. पीएस५ मध्ये तर चिप आणखी तापणारी होती. तिचा ग्राफिक्सचा भाग २.२३ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावतो, सीपीयू ३.५ पर्यंत, आणि हे सगळं ७ नॅनोमीटर प्रक्रियेने बनवलेल्या छोट्या चिपमध्ये कोंबलेलं. जागा लहान, उष्णता जास्त. अशा वेळी मधला थर हाच अडथळा ठरतो.

७ ऑक्टोबर २०२० ला सोनीने पीएस५ खोलून दाखवणारा व्हिडिओ काढला. त्यात यांत्रिक रचनेचे प्रमुख यासुहिरो ओतोरी यांनी एकेक भाग वेगळा केला. १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा अवाढव्य पंखा, त्याहून अवाढव्य हीटसिंक, आणि शेवटी चिपवरचा चकचकीत चंदेरी थर. हा थर वापरण्याच्या तयारीला दोन वर्षांहून जास्त वेळ लागला, असं त्यांनी त्यात सांगितलं. दोन वर्षं कशाला? चिपवर धातू लावणं हे काम हौशी लोक घरी सिरिंजने करतच होते. पण एक लावणं वेगळं आणि लाखो कन्सोलना कारखान्यात यंत्राने अगदी सारखं लावणं, मग ते बोटीने, ट्रकने, हादरे खात जगभर पाठवणं वेगळं. असूसनेही २०२० मध्ये आपल्या इंटेलवाल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये लिक्विड मेटल लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनाही लावण्यासाठी खास यंत्र आणि चिपभोवती कुंपण करावं लागलं होतं.

स्पर्धेतल्या एक्सबॉक्स सीरिज एक्सने मात्र हा रस्ता धरला नाही. तिथे व्हेपर चेंबर, वर १३० मिलिमीटरचा पंखा आणि मध्ये नेहमीची पेस्ट. तोही शांतच चालतो. म्हणजे लिक्विड मेटलशिवाय चालतच नाही असं मुळीच नाही. सोनीने मधल्या थरावर खर्च केला, मायक्रोसॉफ्टने हीटसिंकवर. मला विचाराल तर ग्राहकापेक्षा जास्त फायदा सोनीचाच झाला. थर चांगला असला की पुढे चिप सुधारली तसा हीटसिंक हलका करत जाता येतो. पुढच्या वर्षी तसंच झालं.

२०२१ चं सुधारित मॉडेल साधारण ३०० ग्रॅमने हलकं निघालं, कारण आतला हीटसिंक लहान केला होता. लगेच एका प्रसिद्ध यूट्यूबरने मागून निघणारी हवा मोजली, ती आधीपेक्षा गरम निघाली, आणि "नवा पीएस५ वाईट" अशी बोंब झाली. नंतर ज्यांनी आत सेन्सर लावून मोजलं त्यांना चिप उलट थंड सापडली. विचार केला तर लक्षात येतं की मागून गरम हवा येतेय म्हणजे उष्णता बाहेर पडतेय. तापलेला कन्सोल आणि मागून गार हवा, हे जास्त काळजीचं. तुमच्या पीएस५ च्या मागे हात धरून "बापरे, किती गरम" असं म्हणण्याआधी हे आठवा.

एफपीएस वाढतो का?

नाही. पीएस५ मध्ये नाही वाढत. १८ मार्च २०२० च्या भाषणात मार्क सर्नी यांनी हे स्पष्ट केलं होतं. पीएस५ ची चिप किती वेगाने धावायची हे ती किती काम करतेय त्यावर ठरतं, तिच्या तापमानावर नाही. नाहीतर काय झालं असतं? महाबळेश्वरला बसून खेळणाऱ्याला जास्त एफपीएस आणि चंद्रपूरला मे महिन्यात खेळणाऱ्याला कमी! सगळ्यांना सारखाच खेळ मिळावा म्हणून ही रचना. त्यामुळे चिप ७० अंशावर असो की ६५ वर, गेम तसाच चालतो. फारच तापलं तर कन्सोल इशारा देतो आणि बंद होतो.

लॅपटॉप आणि फोनची गोष्ट वेगळी. तिथे तापलं की वेग कमी होतो, तेव्हा चार अंशांचा फायदा थेट खेळात दिसतो. म्हणूनच काही गेमिंग फोनवाले आता याच्यामागे लागलेत. २०२४ च्या रेडमॅजिक १० प्रो मध्ये लिक्विड मेटलचा थर दिला आहे.

आता धोके, आणि ते खरे आहेत

पहिला धोका सगळ्यांना माहीत असलेला: हा धातू आहे, म्हणजे वीज वाहून नेतो. पेस्ट थोडी इकडेतिकडे सांडली तर पुसून टाकायची. लिक्विड मेटलचा मोहरीएवढा थेंब चिपशेजारच्या बारीक कॅपॅसिटरवर पडला तर शॉर्ट सर्किट. म्हणून पीएस५ मध्ये चिपभोवती फोमसारख्या सीलची चौकट असते.

दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो आणि तो जास्त मजेशीर आहे. गॅलियम आणि ॲल्युमिनियमचं हाडवैर. ॲल्युमिनियमवर नैसर्गिक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तो एका जागी खरवडला आणि तिथे गॅलियम लागला की तो आत शिरतो, धातूच्या कणांच्या सांध्यांमधून पसरतो आणि धड दिसणारा ॲल्युमिनियमचा तुकडा बोटांनी चुरगळता येईल इतका ठिसूळ होतो. यूट्यूबवर याचे व्हिडिओ आहेत, एकदा बघाच. हीटसिंकच्या पात्या सहसा ॲल्युमिनियमच्या असतात, तेव्हा सांडलेला थेंब कुठे पडतो याला महत्त्व येतं.

तांब्याशी भांडण एवढं नाही, पण तांबं हळूहळू गॅलियम शोषून घेतं. थर सुकल्यासारखा होतो, वर राखाडी कवच धरतं. यावर उपाय म्हणजे तांब्यावर निकेलचा मुलामा. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई करायचे ना, आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून? अगदी तसंच. मुलामा शाबूत आहे तोवर काही होत नाही. खरवडला की संपलं.

तिसरा धोका म्हणजे कोरडी जागा. धातू एका बाजूला सरकला आणि चिपचा काही भाग उघडा पडला, की तिथे पुन्हा भाकरीखालची हवा. चिपचा तेवढाच भाग भयंकर तापतो. कन्सोल जड गेममध्ये बंद पडायला लागतो, हलक्या गेममध्ये ठीक चालतो. दुरुस्ती करणाऱ्यांना खोललेल्या किंवा आपटलेल्या कन्सोलमध्ये हे दिसलेलं आहे.

मग उभा ठेवायचा की आडवा?

२०२३ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या एका दुरुस्ती करणाऱ्याच्या सांगण्यावरून बातमी उठली की उभ्या ठेवलेल्या पीएस५ मधलं लिक्विड मेटल खाली ओघळतं. दोन दिवसांत ती जगभर गेली. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही लोकांनी रातोरात कन्सोल आडवे केले. मागाहून त्याच्याकडूनच खुलासा आला की हे त्याने आधी खोललेल्या किंवा आपटलेल्या कन्सोलमध्ये पाहिलं होतं. इतर दुरुस्ती करणाऱ्यांनीही शेकडो कन्सोल खोलून असं काही दिसलं नसल्याचं सांगितलं. पण खुलासा बातमीएवढा फॉरवर्ड होत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

खरं-खोटं आपणही ढोबळ गणिताने तपासू शकतो. हा धातू पाण्याच्या सहा-साडेसहा पट जड. चिप उभी केली तर तिची उंची साधारण १७ मिलिमीटर, म्हणजे धातूच्या वजनाचा खाली येणारा दाब साधारण १,००० पास्कल. दुसऱ्या बाजूला पृष्ठताण. पाण्याचा थेंब काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये कसा अडकून राहतो, काच उभी केली तरी? तेच. लिक्विड मेटलचा पृष्ठताण पाण्याच्या कितीतरी पट जास्त. फट ०.१ मिलिमीटर असेल तर ही पकड १०,००० पास्कलच्या घरात जाते. वजनाच्या दहापट! बरं, धातू असतो तरी किती? तेवढ्याच जाडीचा थर धरला तर ०.२ ग्रॅम, साखरेच्या चिमटीएवढा. हीटसिंक घट्ट बसलेला आहे तोवर ओघळायचं कारण नाही.

पण याच गणितात धोकाही लपला आहे. पकड फटीच्या जाडीवर अवलंबून असते. कन्सोल आपटला, स्क्रू सैल झाले, कोणी हीटसिंक उचलून पुन्हा नीट न दाबता बसवला, फट १ मिलिमीटर झाली, की पकड दहापट कमी होते आणि वजनाच्या बरोबरीला येते. मग उभा असेल तर ओघळेल. म्हणजे त्या बातमीत तथ्याचा अंश होता, फक्त दोष उभं ठेवण्याला दिला गेला.

सोनी स्वतः दोन्ही प्रकारे ठेवायला परवानगी देते. माझा स्वतःचा उभा असतो, कारण टीव्हीच्या टेबलावर तेवढीच जागा आहे. मात्र कन्सोल कुरिअरने पाठवायचा असेल, किंवा आधी कोणी खोललेला असेल, तर मी आडवाच ठेवीन. घरात लहान भावंडं किंवा मांजर असेल तरीही आडवाच बरा, कारण उभा पीएस५ पडतो आणि पडणं हाच खरा शत्रू आहे. पुढे पीएस५ प्रो मध्ये सोनीने धातूचा थर जागेवर राहावा म्हणून हीटसिंकच्या त्या भागात बारीक खाचा दिल्या. आधीचं डिझाइन अगदी निर्धोक असतं तर खाचा कशाला, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. सुधारणा करणं म्हणजे आधीचं वाईट होतं असं नाही.

दुकानात नेण्याआधी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुकसान इथेच होतं. पीएस५ ला येणारी एक नेहमीची तक्रार म्हणजे एचडीएमआय पोर्ट तुटणं. केबल वेडीवाकडी ओढली की पोर्ट गेला. दिसायला ही छोटी सोल्डरिंगची दुरुस्ती. पण पोर्टपर्यंत पोहोचायला मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि मदरबोर्ड काढला की तो हीटसिंकपासून सुटतो. झालं, कंपनीने लावलेला थर उघडा पडला. म्हणजे तुमची तक्रार पोर्टची असली तरी लिक्विड मेटलला हात लागणारच. आमच्या ओळखीतल्या एकाने पोर्ट बदलून घेतला, चित्र आलं, सगळे खूश. तीन आठवड्यांनी कन्सोल अर्ध्या तासात बंद व्हायला लागला. दुसरीकडे खोलून बघितलं तर सीलची चौकट फाटलेली आणि चिपच्या एका कोपऱ्यावर नुसता डाग उरलेला.

म्हणून दुकानदाराला सरळ विचारा: "लिक्विड मेटलचं काय करणार?" जो "त्याचं काही नसतं हो, पुसून पेस्ट लावतो" म्हणेल तिथून परत या. जो सांगेल की जुनं पूर्ण पुसणार, सील तपासणार, शेजारचे भाग झाकून नवं लावणार, आणि नंतर तासभर जड गेम चालवून दाखवणार, त्याला काम कळतं. साधी पेस्ट लावली तर कन्सोल लगेच जळत नाही, हेही खरं. पण आतली सगळी रचना लिक्विड मेटल धरून केलेली आहे. पेस्ट आली की चिप जास्त तापते, पंखा जास्त ओरडतो, आणि जुनं मेटल नीट निघालं नसेल तर त्यात पेस्ट मिसळून आणखी घाण होते. काही दुरुस्तीवाले फेज-चेंज पॅड वापरतात. हा गरम झाल्यावर मऊ होऊन पसरतो आणि वीज वाहून नेत नाही. लिक्विड मेटल लावायचा हात नसलेल्या माणसाने तो लावलेला मला जास्त चालेल.

वॉरंटी असेल तर यातलं काहीच करू नका, सर्व्हिस सेंटर गाठा. आणि एक गैरसमज: एसएसडी बसवायला कन्सोल उघडावा लागतो म्हणून घाबरू नका. पांढरी झाकणं काढून एक छोटं कव्हर उघडलं की एसएसडीची जागा येते, ती चिपपासून लांब आहे. हे सोनीनेच ग्राहकांसाठी ठेवलंय. पंख्यातला कचरा काढायलाही हीटसिंक हलवावा लागत नाही.

सेकंडहँड घेताना तर विक्रेत्याच्या घरी किंवा दुकानात एक तास द्या. जड गेम लावा, फक्त मेन्यू बघून येऊ नका. झाकणं काढून आतल्या स्क्रूंवरचं सील फाटलंय का, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का ते बघा. खोललेला कन्सोल घेऊच नये असं नाही, पण मग कोणी खोलला, कशासाठी, आणि मधल्या थराचं काय केलं याची उत्तरं मिळायला हवीत. किंमतही त्याप्रमाणे खाली यायला हवी.

लिक्विड मेटलपेक्षा धूळ वाईट

आपल्याकडे कन्सोल तापण्याचं कारण बहुतेक वेळा धूळ आणि बंद जागा हेच असतं. टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात पीएस५ कोंबला की तो स्वतःचीच गरम हवा परत आत ओढतो. मग मधला थर सोन्याचा असला तरी उपयोग नाही. पीएस५ मध्ये धूळ साठवायला दोन खास कप्पे आहेत, झाकणं काढली की त्यांची भोकं दिसतात, तिथे व्हॅक्युम क्लीनर लावून धूळ ओढून घ्यायची. दिवाळीच्या साफसफाईत हेही करा. सोनी कन्सोल ५ ते ३५ अंशांच्या खोलीत वापरायला सांगते. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्याच्या दुपारी बंद खोली सहज याच्या वर जाते. तेव्हा कूलर किंवा एसी लावून खेळा, नाहीतर रात्री खेळा. कूलरची ओली हवा थेट कन्सोलवर मात्र नको.

राहता राहिला घरच्या घरी प्रयोग. ऑनलाइन लिक्विड मेटलची एक ग्रॅमची सिरिंज मिळते आणि व्हिडिओ बघून लॅपटॉपला लावायचा मोह होतो. लॅपटॉपचा हीटसिंक तांब्याचा की ॲल्युमिनियमचा हे खात्रीने माहीत नसेल तर सिरिंजचं झाकणही उघडू नका. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी जुना, टाकाऊ लॅपटॉप घेऊन करा, मजा येईल. फोनला तर अजिबात नाही, कारण फोनच्या चौकटीत ॲल्युमिनियमच ॲल्युमिनियम असतं. आणि अमेरिकेहून येणाऱ्या मामेभावाला "येताना बॅगेत एक सिरिंज टाक" असंही सांगू नका. विमानाच्या शरीरातही भरपूर ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे विमान वाहतुकीच्या नियमांत गॅलियमची गणना धातू गंजवणाऱ्या घातक मालात होते.